डावीकडची ओढ उजवीकडं कशी गेली

काय गं, आलीस गाडी फिरवून? थांब, दुधाखालचा गॅस बंद करून येते, नाहीतर इकडं गप्पा व्हायच्या आणि तिकडं ओटा पुसत बसायचं. हां, बोल आता. कुठं ओढते?

उजवीकडं! अगं मग पेढे आण की! तोंड पाडून काय उभी राहिलीस? कालपर्यंत डावीकडं ओढत होती, आज उजवीकडं ओढते, म्हणजे दुखणं सापडलं. आमचे हे रात्री बॅटरी तोंडात धरून तुझ्या फाटकासमोर जॅक लावून बसले होते, ते काय हौस म्हणून? पुढचं डावं चाक उजवीकडं घातलं, उजवं डावीकडं. बाकी गाडीला हातसुद्धा लावला नाही. चाकांबरोबर ओढही बाजू बदलून गेली, म्हणजे दोष त्या दोन टायरांपैकी एकात. ओढ डावीकडंच राहिली असती तर मात्र गाडीखाली शिरावं लागलं असतं. आर्म बघा, बुश बघा, ब्रेक बघा. त्या सगळ्यातून सुटलीस.

हो, पण कुणाचीही चाकं अशी उठून बदलू नयेत हं. टायरच्या कडेवर बाण काढलेला असला तर ते एकाच दिशेनं फिरायचं टायर, त्याचं डावं-उजवं करायचं नसतं. तुझ्या टायरांवर बाण नाही ते यांनी आधी बघून घेतलं.

तो अलाइनमेंटचा कागद दाखवलास की मला. सगळे आकडे हिरवे. मशीनला कशाला शिव्या देतेस, त्यानं खरंच सांगितलं. ते रिमला पकडी अडकवतं आणि चाकं कुठल्या कोनात उभी आहेत तेवढं मोजतं. टायरच्या पोटात काय आहे ते त्याला कुठून दिसणार? रेडियल टायरच्या आत, नक्षीच्या खाली, स्टीलच्या तारांचे पट्टे असतात. कारखान्यात ते जरासे एका बाजूला सरकून बसले, की टायर फिरताना एका अंगाला किंचित निमुळतं होतं आणि निमुळत्या बाजूकडं घरंगळायला बघतं. डोळ्याला काही दिसत नाही. हवा बरोबर, बॅलन्सिंग बरोबर, टायर नवंकोरं, आणि गाडी निघाली दुसऱ्याच्या अंगणात! म्हणून तर अलाइनमेंटवर अलाइनमेंट केलीस तरी उपयोग झाला नाही. पैसे मात्र दर वेळी घेतले.

एक विचारू का, रागावू नकोस. ही टायरं तुझ्या नवऱ्याच्या मित्राच्या ओळखीनं घेतली ना? वाटलंच. ओळखीनं घेतलेल्या वस्तूचं हेच असतं, बिल मागायला संकोच आणि भांडायला त्याहून संकोच. जरा खाली वाकून टायरच्या कडेवर बघ, चार आकडे असतात एका लांबट गोलात. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. 3523 असेल तर 2023 सालातला पस्तिसावा आठवडा. हे काल बघत होते तर दोन्ही टायरांत वर्षभराचं अंतर! एका वेळी, एका दुकानातून घेतलेली जोडी आणि एक थोरलं, एक धाकटं. त्यानंच ओढते असं मी म्हणत नाही, पण मित्रानं जोडी लावून दिली नाही एवढं खरं.

आता कुठलं टायर गुन्हेगार ते काढायला आणखी एक अदलाबदल. पुढचं एक मागं टाकायचं, मागचं त्या जागी आणायचं आणि परत फिरवून बघायचं. ओढ गेली तर मागं पाठवलेलं ते टायर. मागं गेल्यावर त्याची ओढ स्टिअरिंगला फारशी जाणवत नाही, कितीतरी लोक आयुष्यभर तसंच वापरतात. पण तुझी टायरं नवी आहेत, बिल असलं तर दुकानात घेऊन जा. आणि नुसतं ‘गाडी ओढते’ म्हणू नकोस, तिथंही अलाइनमेंटच करायला सांगतील. ‘चाकं अदलाबदल केल्यावर ओढीची बाजू बदलली’ असं म्हण. या एका वाक्यानं समोरच्याला कळतं की बाई विचारून आली आहे.

कुणाला त्रास? यांना? अगं हे तर कालपासून नुसते फुलले आहेत. रिटायर झाल्यापासून कुणी काही विचारायला आलं की दोन भाकरी जास्त खातात. एस.टी.च्या वर्कशॉपात जन्म गेला, दापोडीला ट्रेनिंग झालं, आणि घरी येऊन जेवताना दुसरा विषय नाही. मी भाजीत मीठ किती विचारायची आणि हे सांगायचे, आज सांगोला गाडीचा पाटा तुटला. मला गाडी चालवता येत नाही, पण गाडीचं काय बिघडलं ते जेवणाच्या ताटावर शिकलेय मी.

त्यांची एक रीत आहे. गाडी ओढते असं कुणी म्हटलं की हे पहिल्यांदा ‘कुठं’ विचारत नाहीत, ‘केव्हा’ विचारतात. कायम ओढते, ब्रेक मारल्यावर ओढते, का ॲक्सिलरेटर दाबल्यावर ओढते? तिन्ही दुखणी वेगळी, वैद्य वेगळे. आपल्याकडं मात्र तिन्हींना एकच औषध, अलाइनमेंट. कारण ते मशीन लाखालाखांचं घेऊन ठेवलेलं असतं, त्यावर गाडी चढवल्याशिवाय त्याचे हप्ते कसे फिटायचे?

आणि काही वेळा तर ओढतच नाही गाडी. रस्ता ओढतो. पावसाचं पाणी कडेला जावं म्हणून डांबरी रस्ता मधोमध उंच आणि दोन्ही कडांना उतरता केलेला असतो, शंभरात दोन-अडीच इतका उतार. आपण डाव्या अंगानं चालणार, म्हणजे कायम डाव्या उतारावर. हात हलका धरला की चांगली गाडीसुद्धा हळूहळू डावीकडं सरकते. रविवारी कुपवाड एमआयडीसीत जावं, रस्ते मोकळे असतात. पुढंमागं कुणी नाही बघून मधोमध, जिथं उतार कुठल्याच अंगाला नाही, तिथं सावकाश चालवून बघावं. हात सोडून नाही हं! हलका धरून. तिथं सरळ गेली तर घरी येऊन चहा प्यायचा.

हवा? ती तर सगळ्याच्या आधी. ज्या बाजूची हवा कमी, त्या बाजूला गाडी झुकणार. सकाळी टायर गार असताना बघायची, आणि किती भरायची ते पंपावरच्या पोराला विचारायचं नाही, ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर चिकटवलेलं असतं. तो पोरगा सगळ्यांना पस्तीस भरतो, छोटी असो मोठी असो. आणि तुझ्याकडून नायट्रोजनचे पैसे घेतले ना? अगं, आपण श्वास घेतो त्या हवेत शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजनच असतो. असो, गेले ते पैसे.

ब्रेकवरून आठवलं, कोपऱ्यावरच्या सरांचं ऐकलंस का? सर नरसोबाच्या वाडीला गेले होते सहकुटुंब. जाताना गाडी जराशी डावीकडं, येताना जास्तच डावीकडं, आणि अंकलीचा पूल ओलांडेपर्यंत आत जळका वास. वहिनी म्हणाल्या, शेतात कुणी पाचट पेटवलं असेल. सर म्हणाले, असेल. घरी उतरल्यावर वास इथंही आला, तेव्हा वहिनींनी आमच्या यांना हाक मारली. यांनी चाकांना हात लावला नाही, नुसता तळवा जवळ नेला. तीन चाकं कोमट, पुढचं डावं भट्टी! ब्रेक सोडला तरी सुटतच नव्हता. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागंपुढं सरकतो त्या पिना गंजून बसलेल्या. म्हणजे सर वाडीहून इथपर्यंत एका चाकाचा ब्रेक लावूनच आले. हळूहळू वाढत जाणारी ओढ आणि एकच चाक गरम, असं असलं की दुसरीकडं बघायचंच नाही. पिना काढून साफ केल्या, उष्णतेला टिकणारं ग्रीस लावलं, काम झालं.

त्याआधी सरांनी एका गॅरेजला फोन केला होता, ते म्हणाले होते दोन्हीकडचे कॅलिपर, डिस्क, पॅड, सगळा सेट बदलावा लागेल. तुला आकडा सांगत नाही, सरांनी मला सांगू नका म्हटलंय. पण पेन्शनीत बसणारा नव्हता.

अगदी तसंच दुखणं रबरी होजनंही होतं बरं का. तो जुना झाला की आतून फुगतो, पॅडल दाबलं की तेल जातं, सोडल्यावर परत येत नाही. बाहेरून होज ठणठणीत. मग कॅलिपर नवा घातला तरी ब्रेक धरलेलाच. अशा वेळी हे कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल जरा ढिला करतात. तेल पिचकारी मारून आलं आणि चाक मोकळं झालं, की दोष होजचा. सर, वहिनी आणि मी, तिघंही उभे राहून बघत होतो, पण सरांच्या होजला काही झालेलं नव्हतं.

आता ब्रेक मारल्यावरच ओढत असेल तर गंमत उलटी. समज, ब्रेक मारला की गाडी उजवीकडं जाते. लोक काय करतात? उजवं चाक उघडतात. अगं, उजवं चाक बिचारं काम करतंय! डावं धरत नाही म्हणून गाडी उजवीकडं वळते. जी बाजू ओढते ती पास, दुसरी नापास. हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आमच्या सासरचंही असंच होतं की! जो राबायचा त्याच्याच नावानं ओरडा. हे त्यावर काही बोलले नाहीत, भात वाढून घेतला.

आमच्या थोरल्या भाऊजींकडं फियाट होती, प्रीमियर पद्मिनी. तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पावसात पाण्यातून गेली की एका ड्रमात पाणी जास्त, एकात कमी, आणि ब्रेक मारला की कुठल्या शेतात शिरेल त्याचा भरवसा नाही. ड्रमची रीतच अशी, शू एकदा टेकला की फिरणारा ड्रमच त्याला आणखी आत ओढून घेतो. म्हणून दोन बाजूंत जरा फरक पडला तरी त्याचा मोठा फरक होतो. लग्न नवं असताना भाऊजी आम्हाला जयसिंगपूरला घेऊन निघाले, वाटेत ओढ्याचं पाणी रस्त्यावर. पाण्यातून बाहेर आल्यावर यांनी मागच्या सीटवरून सांगितलं, दादा, ब्रेकवर पाय नुसता टेकवून थोडं चालवा, वाळू द्या. भाऊजींना धाकट्या भावानं शिकवलेलं कसं चालेल? पुढं म्हैस आली. म्हैस वाचली, आम्ही बांधावर. मला हळदीच्या पायानं चिखलात उतरावं लागलं. जाऊबाई अजून म्हणतात म्हैस आडवी आली म्हणून, आणि मी अजून गप्प बसते. डिस्क ब्रेक आल्यापासून हे दुखणं पुष्कळ गेलं, निदान पुढच्या चाकांचं.

ॲक्सिलरेटरचं म्हणशील तर आमचे जावई. नवी टर्बो गाडी घेतली, आले की अंगणातून निघताना रपकन दाबणार, आणि गाडी नाक एका बाजूला काढणार. यांना म्हणाले, बाबा, कंपनीनं खराब पीस दिला. हे म्हणाले, दाबू नका. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत इंजिन एका कडेला, गिअरबॉक्स दुसऱ्या, त्यामुळं चाकांकडं जाणारे दोन शाफ्ट कमीजास्त लांबीचे. जोर एकदम दिला की दोन्हीकडं सारखा पोचत नाही. थोडंसं चालायचंच. आधी नव्हतं आणि अचानक सुरू झालं, तर मात्र लोअर आर्मचं बुश बघायचं. जावयांना पहिला भाग ऐकू आला, दुसरा त्यांनी आमच्या लेकीला ऐकवला.

आणि स्टिअरिंगच वाकडं, पण गाडी सरळ, हे तर ओढणंच नव्हे. टो नीट बसवताना स्टिअरिंग मधोमध धरलं नव्हतं एवढाच अर्थ. परत पाठवायचं, पैसे न देता.

टो म्हणजे? वरून बघितलं तर पुढच्या दोन चाकांची नाकं एकमेकांकडं की एकमेकांपासून लांब, ते. तो बिघडला की गाडी ओढत नाही फारशी, टायर खाते. टायरच्या नक्षीवरून आडवा हात फिरव, एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवला की माशाच्या खवल्यावरून फिरवल्यासारखं लागलं, तर टो गेलाय. बहुतेक छोट्या गाड्यांत अलाइनमेंटवाल्याला एवढं एकच फिरवता येतं. कॅम्बर आणि कॅस्टर, हे दुसरे दोन कोन, कारखान्यातून ठरूनच आलेले. ते कागदावर लाल दिसले तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. खरी ओढ तिथंच असते, दोन्हीकडचं कॅस्टर सारखं नसलं की कमी असलेल्या बाजूला गाडी जाते. तेव्हा कुणी ‘ते ॲडजस्ट होत नाही मॅडम, चालतंय’ म्हणाला, तर पहिला अर्धा खरा आणि दुसरा अर्धा खोटा समजायचं. आपल्या गल्लीत ड्रेनेजचं खोदून ठेवलंय तोवर निम्म्या कॉलनीचे लोअर आर्म वाकणार बघ. परवा त्या खड्ड्यात कुणाची तरी गाडी अशी आपटली, मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

आता जरा जवळ ये. अशी, शेवग्याच्या आड. हळू बोलते, भाऊसाहेबांची वरची खिडकी उघडी आहे.

तुझा दादा भाऊसाहेबांची गाडी घेतोय म्हणे? होय, मला कळलं, तुझी सासूच सांगून गेली. ‘एका हातची, डॉक्टरची, नुसती दवाखाना ते घर चाललेली’ असं सांगतात ना? ऐक. मागच्या आठवड्यात त्यांच्या दारातली नळाची लाइन फुटली, सिमेंटच्या रस्त्यावर पाण्याचा डोह. भाऊसाहेब गाडी घेऊन त्यातून सरळ निघाले मिरजेकडं. मी आणि हे फाटकात. पाण्यातून निघालेल्या गाडीचे कोरड्या रस्त्यावर ओले पट्टे उमटतात की नाही? दोन उमटायला पाहिजेत. मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग जातात. पुढच्या जोडीच्या आणि मागच्या जोडीच्या रुंदीत थोडा फरक असतो काही गाड्यांत, मग दोन्हीकडं सारखी जाड किनार दिसते. भाऊसाहेबांच्या गाडीचे चार पट्टे! मागचे दोन्ही, अख्खे, उजव्या अंगाला सरकलेले. गाडीचं तोंड एकीकडं आणि चाल एकीकडं.

हे काही बोलले नाहीत. नुसतं ‘हं’ केलं. त्यांचं ‘हं’ मला कळतं. एस.टी.चा स्प्रिंगचा पाटा ज्या बोल्टानं ॲक्सलला धरलेला असतो तो मधला बोल्ट तुटला, की ॲक्सल एका बाजूनं मागं सरकतो आणि बस अशीच तिरकी चालते. ओल्या रस्त्यावर पट्टे बघून डेपोतले लोक ओळखायचे. बशीला नवा बोल्ट घातला की झालं. छोट्या गाडीला पाटा कुठला? तिची मागची दोन चाकं एकाच दांडीवर बसवलेली असतात, आणि ती तशी सरकली म्हणजे एक तर ती दांडी वाकली आहे, नाहीतर तिला धरणारा सांगाडाच. आणि ते दवाखाना ते घर जाऊन वाकत नाही. मागून कुणीतरी जबरी ठोकलंय. रंग सुंदर मारलाय, ते मान्य. पण डिकीच्या झाकणाचे बोल्ट बघ म्हणावं, पाना लागल्याच्या खुणा आहेत का. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात छापलेलं साल बघ म्हणावं. एकच काच धाकटी निघाली तर विचारायचं, ही का बदलली?

असली गाडी अलाइनमेंटला नेली की पुढची चाकं मागच्यांच्या चालीला जुळवून देतात, स्टिअरिंग सरळ दिसतं, आणि घेणारा खूष. टायरं झिजायला लागली की मग डोळे उघडतात.

नाही गं, भाऊसाहेब फसवतायत असं मी कुठं म्हटलं? त्यांनाच त्या डॉक्टरनं फसवलं असेल. डॉक्टर तरी होता का कोण जाणे. पण त्यांच्या तोंडावर जाऊन मी सांगायची नाही. गणपतीची वर्गणी त्यांच्याकडंच असते, आणि आपल्या नळाचा व्हॉल्व्हही त्यांच्याच कंपाउंडात आहे.

टोकन दिलं का दादानं? नाही ना? मग त्याला उद्या सकाळी सातला चहाला बोलव. भाऊसाहेब बरोबर सव्वासातला गाडी काढतात, व्यायामशाळेला. मी सडा घालते त्याच वेळेला. उद्या बादलीऐवजी पाइपच लावते, फाटकापासून पार तुमच्या दारापर्यंत. दादाला म्हणावं, चहा हातात घेऊन बाहेर उभा राहा आणि रस्त्याकडं बघ. आणि तू हा कढीपत्ता घेऊन जा, कालपासून तोडून ठेवलाय तुझ्यासाठी.